भिंत ते भिंत

गाडी ओरडायला लागली तेव्हा अंबादास तिच्या थेट तोंडासमोर उभा होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबानंसुद्धा त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, आणि आज स्वतःच्या घराच्या बोळात उभं राहून त्याला एका यंत्राची बोलणी खावी लागत होती. आधी थांबून थांबून, पीं, पीं, मग गाडी बोटभर पुढं सरकली तसा तो आवाज एकसलग झाला आणि दाभणासारखा कानात शिरू लागला. पांढरीशुभ्र, उंच, ऐसपैस गाडी. सकाळीच ग्वारीघाटावर तिची पूजा झाली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर झेंडूची माळ. दोन्ही बाजूंचे आरसे दुमडून घेतलेले. डावीकडं घराची भिंत, उजवीकडं कंपाउंडची, आणि दोन्हीकडं वीतभरही जागा नाही, त्यामुळं दरवाजा उघडायची सोयच नव्हती. आत सुशांत, त्याचा एकुलता एक मुलगा, खिडकीची काच खाली करून नुसती मान बाहेर काढून बसला होता. गाडीचं मागचं अर्धं धूड अजून रस्त्यावर होतं, तिथं दोन ई-रिक्षा अडकून भोंगे वाजवत होत्या, आणि समोरच्या घरातले भय्यासाहेब बनियनवरच रस्त्यात उतरून हात हलवत होते, "लेफ्ट काट, लेफ्ट! अब सीधी कर!" कुणी विचारलं होतं यांना? गाडीच्या नाकापासून हातभरावर लोखंडी पाइप होता, त्याच्या बायकोसाठी, अनसूयेसाठी, केलेल्या उताराचा पहिला पाइप. अंबादास त्या पाइपाला पाठ टेकून उभा होता.

"बाबा, थोड़ा हट जाओ न," सुशांत म्हणाला. "सेंसर आप को पकड़ रहा है."

"मले नाही पकडून राहिला तो. पाइपाले पकडून राहिला."

सुशांतनं इंजिन बंद केलं. ओरडणं थांबलं तसं रस्त्यावरचे भोंगे आणखीच मोठे ऐकू यायला लागले, आणि अंबादासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचा राग आला हे त्याला धड सांगता आलं नसतं. गाडीचा आला, ती विकणाऱ्या शोरूमवाल्याचा आला, भय्यासाहेबांच्या बनियनचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो या बोळाचा. बोळच तो. सुशांत त्याला फोनवर 'ड्राइव-वे' म्हणायचा तेव्हा अंबादासला हसू यायचं. अण्णांनी, म्हणजे अंबादासच्या वडिलांनी, अमरावतीकडून इकडं हिंदी मुलखात येऊन गढ्यात हे घर बांधलं तेव्हा त्यांच्या डोक्यात मोटार कुठून असणार? मागं संडास होता, तो साफ करायला येणाऱ्या बाईनं घरातून जाऊ नये म्हणून बाजूनं ही वाट सोडलेली. डालडाचा डबा हातात घेऊन याच वाटेनं मागं जाताना लहान अंबादासला ती समोरून यायची, डोक्यावर टोपली, आणि भिंतीला चिकटून उभी राहायची, आधी त्याला जाऊ द्यायची. पाच-सहा वर्षांच्या पोराला वाट करून द्यायला मोठी बाई भिंतीला चिकटायची. हे त्याला तेव्हा विचित्र वाटलं नव्हतं. पुढं संडास पाडला, मागं मोकळं अंगण झालं, वाटेला गेट लागलं, गेटमधून आधी सायकल आणि मग स्कूटर आली, आणि सगळे त्या वाटेला रस्ता म्हणायला लागले. आता त्या वाटेवरून ही गाडी मागच्या अंगणात न्यायची होती. चाळीस फुटांची तर वाट. पण तिचा जन्म कशासाठी झाला हे ठाऊक असलेला या जगात आता एकटा अंबादासच उरला होता, आणि याचाही त्याला राग येत होता.

"बाबा, आपने तो लिखा था, क्लियर," सुशांत म्हणाला. त्यानं मोबाइल खिडकीबाहेर धरला, जणू पोलिसाला लायसन दाखवतोय. "सात फुट तीन इंच, क्लियर. ये देखो. मैंने आप के भरोसे बुक की."

"तर? खोटं लिहिलं काय मी?"

"मैं ऐसा कहाँ बोला."

"थांब. थांब तू तिथंच." म्हणजे तो कुठं जाणार होता? अंबादास उतारावरच्या कोनाड्यातून स्टीलची टेप घेऊन आला. राग कितीही असो, टेप धरताना त्याचे हात नेहमीच स्थिर होत. त्यानं पाइपांच्या वरून टेप ताणली, घराच्या भिंतीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, आणि मोठ्यानं वाचलं, रस्त्यावरच्या भय्यासाहेबांनाही ऐकू जाईल असं. "सात फूट तीन इंच. ये पाहून जा कोणी. एक सूतही कमी असंन तर मिशी काढून देतो."

मापाच्या बाबतीत त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. कारखान्यात तो गेज तपासायचा. हजारो सुटे भाग बनून यायचे आणि प्रत्येक भोकात तो दोन टोकांचं गेज घालून बघायचा: एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं, 'नो-गो' टोक, जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर माल नापास, दुसरं गेलं तरी नापास. मधलं काही नाही. थोडं चालतंय, जरा घासून घेऊ, या वेळी जाऊ द्या, असलं बोलणारे फोरमन त्यानं पुष्कळ पाहिले आणि सगळ्यांचा माल परत पाठवला. लोक त्याला मागं 'नो-गो साहेब' म्हणायचे, त्याला माहीत होतं, आवडायचंही. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कुणीतरी म्हणालं की अंबादासजींच्या मुँह से 'माप गलत हो गया' हे कधी कुणी ऐकलं नाही. घरी आल्यावर अनसूया म्हणाली होती, मीही नाही ऐकलं. तेव्हा ती धडधडीत बोलायची. टोमणा मारून वर खळखळून हसायची. आता एका वाक्याला तिला दोनदा दम घ्यावा लागतो, आणि तोंडाची उजवी बाजू शब्दाच्या मागून येते. असं काही आठवलं की तो आणखी चिडायचा.

"माप सही है बाबा," सुशांत आवाज आवरून म्हणाला. त्याचं हे आवरणंही अंबादासला झोंबलं. "पर रैंप तो आपने गिना ही नहीं."

"रॅम्प भिंत आहे काय? तू विचारलं, जागा किती. जागा भिंतीपासून भिंतीपर्यंत असते. जिग कोणी मापात धरते काय?"

हे सुशांतला कळलं नाही. जिग म्हणजे काम होईपर्यंत भागाला धरून ठेवणारा सांगाडा. ड्रॉइंगमध्ये तो कधी दाखवत नाहीत, मापात कधी धरत नाहीत, कारण काम झालं की तो काढूनच ठेवायचा असतो. कारखान्यात शिकाऊ पोरालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं.

"तो फिर मैं सही समझा था न," सुशांत म्हणाला. "आपने नहीं गिना, तो मुझे लगा आप निकालने वाले हो. आप गलती थोड़ी करते हो."

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. पोरगं मनापासून म्हणत होतं. अडतीस वर्षांचा, कानशिलांवर पांढरं उतरलेला तो मुलगा खिडकीतून बापाकडं अशा विश्वासानं बघत होता की अंबादासला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. रस्त्याच्या बाजूनं, गाडीच्या मागून, सुनेचा आवाज आला. चिन्मयी आरतीचं ताट घेऊन केव्हाची तिथं उभी होती, गाडीच्या पुढं यायला तिला वाटच नव्हती. "बाबा, ऐका न. आईंना आपण समोरच्या दारानं नेत जाऊ. खुर्चीत बसवून. आम्ही दोघं उचलू न त्यांना, त्यात काय! गाडी तर त्यांच्यासाठीच घेतली आहे."

हे खरं होतं, म्हणून अधिकच असह्य. गाडी अनसूयेसाठीच घेतलेली होती. दर महिन्याला नसांच्या डॉक्टरकडं नागपूरला जायचं, तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की पुढं पाच-सहा तास, आणि जुन्या ठेंगण्या गाडीत तिला वाकून बसताना जीव जायचा. एकदा लखनादौनच्या ढाब्यावर तिला बाहेर काढताना सुशांत रडला होता, अंबादासनं पाहिलं होतं, न पाहिल्यासारखं केलं होतं. सुशांत आता नागपूरची नोकरी इथं घरून करणार होता, आईसाठीच. रुंद सीट, उंच सीट, पाय लांब करता येतील अशी. सगळं कसं रास्त होतं. गेज घालून बघावं तर प्रत्येक गोष्ट पास होत होती, आणि तरी या सगळ्याची बेरीज अशी की तिच्या दारासमोरचा उतार तोडायचा.

खुर्चीत बसवून! यांनी पाहिलं होतं काय ते? दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानंतर तिला दवाखान्यातून आणलं तेव्हा सुशांत औषधं घ्यायला मागं राहिला होता, चिन्मयी नागपूरला होती. समोरच्या दाराला नालीवरून चढणाऱ्या चार उंच पायऱ्या. अनसूयेला प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीत बसवून चौघांनी उचललं, त्यात भय्यासाहेब होते, अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता, आणखी दोघे होते ज्यांची नावंही माहीत नाहीत. दुसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. पदर खाली गेला. तिचा उजवा हात उचलला जात नव्हता आणि डाव्यानं तिनं खुर्ची घट्ट धरलेली, पडू नये म्हणून. पदर सावरायला तिच्याकडं हात नव्हता. चौघांचेही हात गुंतलेले. अंबादास मागून पिशव्या घेऊन येत होता. अख्खी गल्ली बघत होती, आणि सगळ्यांनी भलेपणानं नजर दुसरीकडं वळवली, त्या वळवण्यानंच ती जास्त उघडी पडली. आत गेल्यावर ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आजारानं. चौथ्या दिवशी तिनं जे पहिलं वाक्य जुळवलं ते असं होतं, "मले... उचलू नका... कधी."

मग त्यानं उतार केला. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. बाजूच्या दाराचा उंबरा जमिनीपासून दीड फूट. फुटाला एक इंच चढ धरला म्हणजे अठरा फूट लांबी, पावणेतीन फूट रुंदी. पाणसळ लावून त्यानं तो बोटाबोटानं चढवत नेला. दोन्ही अंगाला पाइप. पाइप केवढा जाड घ्यायचा यावर तो आठ दिवस अडून बसला, कारण जाड झाला तर मूठ बसणार नाही आणि बारीक झाला तर पकड सुटेल. शेवटी वेगवेगळ्या जाडीचे तुकडे आणून त्यानं ते एकेक करून अनसूयेच्या डाव्या मुठीत दिले आणि तिच्या बोटांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजलं. ती वाकडं हसली. "लग्नात... अंगठी तर... ढिली आणली होती," ती म्हणाली. पहिल्या दिवशी ती उतारावरून गेटपर्यंत गेली तेव्हा त्याला सोबत येऊ दिलं नाही. गेटपर्यंत तिची एकतीस पावलं. गेटशी जाऊन तिनं भाजीच्या ठेल्यावाल्याला थांबवलं, मेथीची जुडी घेतली, महाग लावली म्हणून त्याच्याशी अडखळत भांडली, आणि परत आली. घामानं भिजली होती. अंबादास खिडकीतून मोजत होता. त्यानंतर रोज एकतीस जायची, एकतीस यायची. त्याच्या आयुष्यात पास झालेल्या सगळ्या मालापेक्षा त्याला या उताराचा जास्त अभिमान होता. आणि हा उतार काढायचा? कोण काढतो तेच बघायचं होतं त्याला.

"कोणी हात लावून पाहा पाइपाले," तो गाडीच्या बॉनेटवर मूठ आपटून म्हणाला. स्वस्तिक पुसलं गेलं, कुंकू हाताला लागलं. मागं चिन्मयीनं 'अहो' म्हणून श्वास घेतला.

"बाबा, चिल्ला क्यों रहे हो? मैंने तो बस..."

"तुझ्या आईले विचारतो. ते सांगंन तुम्हाले, काय तोडायचं आणि काय नाही!"

तो वळला आणि उतार चढून गेला. ढेंगा टाकत, पाइपाला न धरता. रागाचं एक बरं असतं, गुडघे दुखत नाहीत. आत अनसूया पलंगावर बसली होती. नवी साडी, सुनेनं घातलेली वेणी, मांडीवर हळदीकुंकवाची वाटी. गाडीला तिनंच ओवाळायचं असं ठरलं होतं, पण गाडी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दार उघडं होतं. तिनं सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"ऐकलं न?" तो म्हणाला. "उतार काढा म्हणते तुझा लेक. आणि तुले उचलू म्हणते. चार जण लावून. मी म्हटलं, मरेपर्यंत नाही! यायची अक्कल कुठी गेली? दोन वर्षं पाहून राहिले न हे, तू कशी चालतं ते? यायले दिसत नाही?"

अनसूयेनं वाटी बाजूला ठेवली. ठेवायला तिला वेळ लागला. तो तिच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिला, धापा टाकत. ती आता 'बरोबर केलं तुम्ही' म्हणेल आणि तो बाहेर जाऊन ते सगळ्यांना ऐकवेल.

"त्याले... नका रागवू," ती म्हणाली.

"काहून? काहून नको रागवू?"

"तुम्ही मोजलं... तेव्हा." तिनं दम घेतला. "मी होती न. उतारावर. तुम्ही म्हटलं... सरक जरा. टेप सीधी नाही येत."

त्याला आठवलं नाही, आणि मग एकदम सगळं आठवलं. पंधरा दिवसांपूर्वीची सकाळ. सुशांतचा फोन आला, बाबा रास्ता नाप के भेजो न. कुणी मोजायला सांगितल्याचा केवढा आनंद झाला होता! टेप, पेन्सिल, कागद. गेटजवळ, मधे आणि मागं, अशी तीन ठिकाणी मापं, सगळ्यात कमी असेल ते खरं धरायचं. मधलं माप घेताना टेप कशालातरी अडत होती. कुणाच्यातरी पोटाला टेकून टेपेला वाक येत होता. ते पोट अनसूयेचं होतं. ती पाइप धरून गेटकडं निघाली होती, आणि त्यानं वर न बघताच म्हटलं, सरक जरा.

"मी... सरकली," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी पुन्हा भोंगा वाजवला.

"मले वाटलं... तुम्ही ठरवलं," ती म्हणाली. "की आता... काढायचा."

म्हणून ती गेटपर्यंत जायची थांबली होती. पंधरा दिवस. त्याच्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. दोनदा त्यानं तिला आळशी म्हटलं होतं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय आणि तू पडून राहते म्हणून आवाज चढवला होता. ती बसल्या जागी खिडकीतून मेथीवाल्याला जाऊ देत होती. सवय करत होती. त्याला ओरडावंसं वाटलं, की तू विचारायचं होतं मला, तोंड नव्हतं काय तुला, एवढी मोठी गोष्ट मनात धरून बसलीस! पण ते तोंड त्याच्यासमोर होतं, उजवीकडं उतरलेलं, आणि एकेक शब्द ओढून आणत त्यानं आताच एवढं सांगितलं होतं. राग गेला नाही. राग तसाच होता, तेवढाच, फक्त त्या रागाला इतका वेळ जी दिशा सापडत नव्हती ती सापडली, स्वतःकडंच. जिग म्हणाला होता तो. काम झालं की निघतो. कुठलं काम व्हायची तो वाट बघत होता? ती बरी होऊन धडधडीत पायऱ्या उतरायची? की दुसरं काही, जे त्यानं कागदावर कधी लिहिलं नसतं, पण टेप ताणून धरलेल्या हाताला ठाऊक होतं? तीन ठिकाणी मापं घेतली. तिन्ही ठिकाणी बरोबर. त्या तिन्हींत ती नव्हती.

"ऊठ," तो म्हणाला. "ओवाळायचं आहे न गाडीले? चाल. गेटापर्यंत जाऊ."

"गाडी... आहे न मधे."

"थांब इथंच."

तो बाहेर आला. या वेळी पाइप धरून उतरला, हळू, एकेक पाऊल टाकत. पाइप त्याच्या मुठीत नीट बसत नव्हता. तो त्याच्या मापाचा नव्हताच. सुशांत अजून खिडकीत मान टेकवून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर थकवा होता, आणि लहानपणी मार खायच्या आधी असायची तशी तयारी.

"गाडी मागं घे," अंबादास म्हणाला.

"कहाँ लूँ बाबा? सड़क पे?"

"मले नाही माहीत. मागं घे."

"पर आपने खुद ही तो..."

"माप चुकलं!" तो ओरडला. भय्यासाहेबांचा हलणारा हात थांबला. चिन्मयीनं ताट खाली केलं. अंबादासनं आणखी मोठ्यानं म्हटलं, शब्द सुटे सुटे करत, जसे आत अनसूयेला जुळवावे लागतात. "माझं. माप. चुकलं."

सुशांतनं हे वाक्य आजवर कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यावर काय करायचं असतं तेही त्याला माहीत नव्हतं. मग इतकी वर्षं याच घरात वाढलेल्या मुलाला जे सुचेल तेच त्याला सुचलं.

"कितने से?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईएवढं," अंबादास म्हणाला.